आईचा डावा हात आणि माऊस

सांगली माझं माहेर. २०१९ च्या ऑगस्टात कृष्णेचं पाणी घरात शिरलं. भांडीकुंडी वाचली, पण आईची पाककृतींची वही गेली. पुढे अर्धांगाच्या झटक्याने तिचा उजवा हात अधू झाला. "डोक्यात आहे ते तरी कुठे उतरवून ठेवीन म्हणते," ती म्हणाली, तेव्हा मी घरातला जुना लॅपटॉप तिच्यापुढे ठेवला.

त्यावर उबुंटू आहे, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार. लिनक्सची सुरुवात १९९१ साली लिनस टोर्व्हाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने केली. ते फुकट मिळतं आणि जुन्या यंत्रावरही बऱ्यापैकी चालतं. पण टचपॅडवर आईचं बोट थरथरे अन् बाण भलतीकडेच पळे. म्हणून साताऱ्याहून जाताना बिनतारी माऊस घेऊन गेले.

"लिनक्सला माऊस चालतो का गं?" असं शाळेतल्या बाईंनी मला विचारलं होतं. चालतो! साध्या माऊससाठी वेगळं काही भरावं लागत नाही. माऊसमध्ये सेल घाला, पोटाखालचं बटन चालू करा आणि सोबतची छोटी गुंडी लॅपटॉपच्या यूएसबी खाचेत बसवा. बाण हलू लागतो. काचेच्या टेबलावर अडखळला, तर खाली एखादी वही ठेवा.

आता हाताला सोयीचं करून घ्यायचं. 'सेटिंग्ज'मध्ये 'माऊस अँड टचपॅड' उघडा. डाव्या हाताने माऊस धरला की तर्जनी उजव्या बटनावर येते, म्हणून 'प्रायमरी बटन' पुढे 'राइट' निवडा. हात कापत असेल तर बाणाचा वेग कमी करा. दोन टिचक्या भरभर जमत नसतील, तर 'ॲक्सेसिबिलिटी'मध्ये 'डबल-क्लिक डिले' वाढवा. तिथेच बाण मोठाही करता येतो. चष्मेवाल्यांची ती मोठीच सोय!

इथवर सगळं छान. पण टाइप करताना आईचा तळहात टचपॅडला लागे, म्हणून मी शहाणपणाने टचपॅड बंदच करून टाकलं आणि साताऱ्याला परतले. चौथ्या दिवशी फोन. "अगं, बाण जागचा हलेना. मी काही बिघडवलं का?" तिचा आवाज ऐकून माझ्या पोटात कालवलं. हिने आता पुन्हा हात लावला नाही तर?

माऊसचा सेल संपला असणार, हे लक्षात आलं. "घरात दुसरा सेल आहे?" "भिंतीवरच्या घड्याळात आहे की!" शेजारच्या मुलाने घड्याळ उतरवलं, सेल घातला, आणि बाण हलला. घड्याळ दोन दिवस बंद होतं, पण आई चालू होती!

तेव्हापासून माझा नियम असा: टचपॅड बंद करायचं असेल, तर आधी एक जादा सेल किंवा तारेचा साधा माऊस खणात ठेवायचा. तारेच्या माऊसला सेल लागतच नाही.

परवा आईने पहिली कृती पाठवली, भरल्या वांग्याची. खाली लिहिलं होतं, "मीठ अंदाजाने." आता हा अंदाज तिच्याकडून नीट लिहून घ्यायचाय. तुमच्याही घरी अशी एखादी वही असेल ना? ती भिजायच्या आत उतरवून घ्या.