कॉन्फरन्स : हॉलमधली आणि हॉलबाहेरची

"कॉन्फरन्सला गेला होतास म्हणजे नक्की केलंस काय रे?" हा प्रश्न मला पहिल्यांदा आईने विचारला होता. स्वतःच्या खिशातून तिकीट, एका दिवसाची बिनपगारी रजा, आणि घरी आणलं काय, तर दोन टी-शर्ट आणि एक कापडी पिशवी! तेव्हा तिला धड उत्तर देता आलं नाही. मध्यंतरी हॉस्टेलवर चक्कर मारली तेव्हा ज्युनियर मंडळींनी नेमका हाच प्रश्न विचारला, म्हणून हा लेख.

साल २०११. पुण्यात एका छोट्या कंपनीत मी वेबसाइट्स बनवायचो. भाषा पायथॉन आणि तिच्यावरची जँगो नावाची चौकट. पायथॉनवाल्यांची 'पायकॉन इंडिया' ही परिषद २००९ साली बंगळूरला सुरू झाली आणि २०११ ला ती चक्क पुण्यात आली. १६ ते १८ सप्टेंबर, सिंबायोसिसचं विश्वभवन. घरापासून एका बसच्या अंतरावर! न जाऊन सांगतो कोणाला?

आधी हे प्रकरण असतं काय ते सांगतो. ही परिषद चालवणारे सगळे स्वयंसेवक, म्हणजे आपापली नोकरी सांभाळून राबणारे. काही महिने आधी आवाहन निघतं : कोणाला काय बोलायचंय ते कळवा. आलेल्या प्रस्तावांतून निवड होते. पहिला दिवस ट्युटोरियल्सचा. म्हणजे आपलं प्रॅक्टिकलच, फक्त जर्नल नाही आणि सही नाही. पुढचे दोन दिवस भाषणं, तीही एकाच वेळी वेगवेगळ्या हॉलमध्ये, त्यामुळे एक ऐकलं की दुसरं हुकलंच. बीजभाषण एखाद्या मोठ्या माणसाचं. त्या वर्षी पायथॉन घडवणाऱ्यांपैकी एक, रेमंड हेटिंजर, आले होते. शिवाय 'लाइटनिंग टॉक' नावाची गंमत असते. पाच मिनिटं, कोणीही उठावं, बोलावं, वेळ संपली की खाली बसावं.

आता माझं दुखणं. आमच्या एका ग्राहकाचं ऑर्डर्सची यादी दाखवणारं पान उघडायला नऊ सेकंद घ्यायचं. सोमवारी डेमो. साहेबांनी रजा दिली ती या अटीवर, की "सोमवारी पान पळालं पाहिजे, नाहीतर आपण दोघं पळू."

शनिवारी मी प्रत्येक भाषणाला पहिल्या रांगेत. सबमिशनच्या आदल्या रात्री लिहितो तशा भराभर नोट्स. अर्धं डोक्यावरून गेलं. दोष बोलणाऱ्यांचा नव्हता, मला काय विचारायचंय हेच मला नीट ठाऊक नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत ताट घेऊन भिंतीकडे तोंड करून जेवलो. का? इंग्रजी! तोंड उघडलं की आपलं इंग्रजी उघडं पडणार. एक्स्टर्नलपुढे व्हायव्हाला जे होतं ना, तेच. दिवसभरात मी फक्त एक वाक्य बोललो, तेही चहावाल्याशी, मराठीत.

रविवारी दुपारी लॅपटॉपची बॅटरी मेली. मोकळा प्लग पॉइंट सापडला तो बाहेर कॉरिडॉरमध्ये, आणि तिथे एक जण आधीच मांडी घालून बसलेला. चेन्नईचा. त्याचं हिंदी माझ्या इंग्रजीपेक्षा वाईट, त्यामुळे मला एकदम धीर आला! तो म्हणाला, दाखव काय अडलंय. पान बघून त्याने एकच प्रश्न विचारला : "हे पान डेटाबेसला किती वेळा विचारतं?" मला माहीतच नव्हतं. जँगोमध्ये मोजायची सोय असते, मोजलं. ३०१!

हे कसं? समजा मेसमध्ये तुम्हाला पाच पोळ्या हव्यात. शहाणा माणूस एकदाच उठून पाचही घेऊन येतो. माझा प्रोग्रॅम आधी "किती पोळ्या लागणार?" विचारायला एक फेरी मारत होता, आणि मग प्रत्येक पोळीसाठी वेगळी रांग लावत होता. ३०० ऑर्डर्सची यादी एका क्वेरीत यायची, पण प्रत्येक ऑर्डरच्या ग्राहकाचं नाव आणायला पुन्हा एकेक क्वेरी. १ अधिक ३००. याला 'एन प्लस वन'चा घोळ म्हणतात आणि नवशिके त्यात हमखास सापडतात, कारण लिहिलेला कोड दिसायला अगदी निरागस असतो. उपाय 'सिलेक्ट रिलेटेड' ही एक सूचना. म्हणजे डेटाबेसला सांगायचं, ऑर्डरबरोबर ग्राहकही जोडूनच पाठव. एक ओळ बदलली. पान सेकंदाच्या आत!

आत त्या वेळी कोणाचं तरी भाषण चाललं होतं. कोणाचं, ते आजही आठवत नाही.

या कॉरिडॉरला परिषदांच्या बोलीत 'हॉलवे ट्रॅक' असं नावच आहे. आणि हा प्रकार खुद्द वेबइतकाच जुना. डिसेंबर १९९१ मध्ये अमेरिकेत सॅन अँटोनियोला 'हायपरटेक्स्ट' परिषद भरली, तिथे टिम बर्नर्स-ली यांचा वर्ल्ड वाइड वेबवरचा पेपर नाकारला गेला होता. मिळालं ते फक्त प्रात्यक्षिकाचं टेबल. तिथे उभं राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यांनी वेब दाखवलं. मे १९९४ मध्ये जिनिव्हाला, सर्नमध्ये, वेबची स्वतःचीच आंतरराष्ट्रीय परिषद भरली! हॉलमधल्या टाळ्यांचंही तसंच. २००९ साली बर्लिनच्या जेएसकॉन्फमध्ये रायन डालने नोड दाखवलं तेव्हा लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. २०१३ साली अमेरिकेतल्या जेएसकॉन्फमध्ये रिअ‍ॅक्ट पहिल्यांदा सर्वांपुढे आलं, तर अनेकांनी नाकं मुरडली : जावास्क्रिप्टमध्ये एचटीएमएल कालवता म्हणजे काय! पुढे चाललं मात्र दोन्ही.

भाषणं आता बहुतेक ठिकाणी नंतर यूट्यूबवर फुकट मिळतात. मग जायचं ते बाहेरच्यासाठी, असं माझं मत. एखादा तास खुशाल बुडवा (लेक्चर बुडवायचा सराव आहेच). जाताना आपली एक अडचण सोबत न्या, दोन वाक्यांत सांगता येईल अशी. विद्यार्थ्यांना बऱ्याच परिषदांत सवलतीचं तिकीट असतं, कुठे कुठे प्रवासखर्चालाही मदत मिळते, आणि स्वयंसेवक झालात तर ओळखी आपोआप होतात.

आणि हो, बॅगेत एक एक्स्टेंशन बोर्ड टाका. चार पॉइंटचा. कॉरिडॉरमध्ये नुसता लावून बसलात तरी पाच मिनिटांत तीन जण शेजारी येतात.