उरलेल्या पेशींचा हिशेब

निंदण झालेले वावर वरून कितीही स्वच्छ दिसले, तरी मातीत हराळीची काशी राहिली असेल, तर पाऊस पडताच ती पुन्हा डोके वर काढते. बाभुळगावच्या काळ्या जमिनीत कपाशी पिकविणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. रक्ताच्या कर्करोगाचेही असेच आहे. मात्र तेथे उरलेली मुळे डोळ्यांना दिसत नाहीत.

मुलांमध्ये अधिक आढळणाऱ्या तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमियाचे निदान होते, तेव्हा शरीरात सुमारे एक लाख कोटी रोगपेशी असू शकतात. महिनाभराच्या पहिल्या उपचारानंतर अस्थिमज्जेचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. त्यात अपक्व पेशी शेकडा पाचांहून कमी आढळल्या, तर रोग ओसरला असे परंपरेने मानले जाते. ताप उतरतो, मूल खेळू लागते, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. तथापि शेकडा एक पेशी उरली, तरी तो आकडा एक हजार कोटींचा होतो!

ही शिल्लक मोजण्याचे प्रचलित साधन म्हणजे फ्लो सायटोमेट्री. रोगपेशींवरील विशिष्ट प्रथिनांना चिकटणारी, रंगाने चमकणारी प्रतिपिंडे नमुन्यात मिसळतात. मग एकेक पेशी लेसर किरणांपुढून जाते आणि तिच्या चमकेवरून ती निरोगी की रोगट, हे ठरते. दहा हजार पेशींत एक रोगपेशी असली, तरी ती अशा रीतीने सापडू शकते.

हा केवळ आकड्यांचा सोस नव्हे. ब्रिटनमध्ये २००३ ते २०११ या काळात झालेल्या मोठ्या चाचणीत ज्या मुलांमध्ये ही शिल्लक अत्यल्प होती, त्यांच्या तीव्र औषधांचा एक टप्पा कमी करूनही रोग उलटण्याचे प्रमाण लक्षणीय वाढले नाही. ज्यांच्यात ती अधिक होती, त्यांना कठोर उपचारांचा लाभ झाला. एकाची अनावश्यक यातना वाचावी आणि दुसऱ्याला वेळीच अधिक औषध मिळावे, हा विवेक या मोजणीमुळेच शक्य होतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातही ही तपासणी होते.

परंतु बाभुळगावहून धामणगावला जाऊन मुंबईची गाडी धरणाऱ्या कुटुंबाचा हिशेब निराळा असतो. भाडे, बुडालेली मजुरी, गावी राहिलेले दुसरे लेकरू, हे सारे त्यात येते. मूल बरे दिसताच उपचार सोडण्याचा मोह होतो तो अज्ञानामुळेच नव्हे, तर रिकाम्या खिशामुळेही. प्रत्यक्षात उपचार दोन ते अडीच वर्षे चालतो. आणि पेशी सापडल्या नाहीत, याचा अर्थ पेशी नाहीतच, असा नव्हे.

उलटलेल्या रोगाचा उपचार अधिक महाग, अधिक कष्टाचा आणि कमी भरवशाचा असतो. म्हणून ही तपासणी चैन नसून उपचाराचेच अंग मानली पाहिजे. रुग्णाने मुंबई गाठण्याऐवजी त्याचा नमुना जवळच्या केंद्रातून ताज्या स्थितीत प्रयोगशाळेत पोहोचेल, अशी व्यवस्था उभारणे शासनाला अशक्य नाही. अर्धवट निंदलेल्या वावरावर केलेला खर्च वाया जातो, हे वऱ्हाडाला वेगळे शिकवावे लागू नये.