डोंगर, झाडी आणि चार रंगांच्या सायकलवाटा

सायकल म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे दुधाच्या किटल्या अडकवलेली, नाहीतर शाळेला निघालेल्या पोरापोरींची सायकल येते. हौसेने, पदरचे पैसे खर्चून कुणी चिखलातून आणि दगडगोट्यांतून सायकलवर डोंगर उतरेल, हे सांगून खरे वाटत नाही. पण ब्रिटनमधल्या वेल्स प्रांतात एका सरकारी जंगलाने याच हौसेवर आजूबाजूच्या गावांना रोजगार दिला. वाचक शेतकरी बंधूंनो आणि सरपंच-ग्रामसेवक मंडळींनो, हा प्रकार काय आहे आणि पुढे त्याचे काय झाले, ते समजून घेण्यासारखे आहे.

राजाचे रान

जंगलाचे नाव कॉइड अ ब्रेनिन. वेल्श भाषेत त्याचा अर्थ राजाचे रान. उत्तर वेल्सच्या डोंगराळ एरिरी राष्ट्रीय उद्यानात, डोल्गेथ्लाय या छोट्या बाजारगावाजवळ ते पसरले आहे. क्षेत्र सुमारे नऊ हजार एकर. भोवतालचा मुलूख मेंढपाळीचा. पाऊस भरपूर, जमीन खडकाळ, पीक म्हणाल तर मुख्यतः गवत.

मुळात ही एका जमीनदार घराण्याची मिळकत. १९२२ पासून तिथल्या वनखात्याने जमीन घेऊन लाकडासाठी झाडे लावायला सुरुवात केली. १९३५ मध्ये पंचम जॉर्ज बादशहाच्या राज्यारोहणाला पंचवीस वर्षे झाली, तेव्हा जंगलाला हे नाव मिळाले. म्हणजे हे जंगल लाकडासाठी, सहलीसाठी नव्हे. आजही तिथे तोड होते, लागवड होते आणि ओंडक्यांचे ट्रक धावतात.

१९९० नंतरच्या दशकात जाड टायरच्या डोंगरी सायकलींची लाट आली. लाकूड वाहायचे रुंद रस्ते जंगलात होतेच, पण त्यावर सायकलवाल्यांना मजा येईना. त्यांना हवी होती झाडांमधून वळत जाणारी, एका चाकापुरती अरुंद वाट. खात्यातले वनरक्षक डाविद डेव्हिस यांनी हे ओळखले. हाताशी पैसा थोडा, म्हणून हौशी स्वयंसेवकांना बरोबर घेतले आणि दगड रचत रचत वाटा बांधल्या. एका वाटेला थंड पेयाच्या कंपनीचे पाठबळ मिळाले, म्हणून तिला त्या पेयाचे नाव पडले. पुढे तिचे नाव बदलून ‘तारू’ झाले. तारू म्हणजे वळू! डोंगरी सायकलसाठी मुद्दाम बांधलेल्या वाटांचे ब्रिटनमधले पहिले केंद्र म्हणून हे जंगल ओळखले जाते.

रंग सांगतो कुवत

आता खरी गंमत बघा. पोहायला येत नाही त्याला आपण विहिरीत ढकलत नाही, आधी कमरेला भोपळा बांधतो. इथेही तसेच आहे. प्रत्येक वाटेला रंग ठरलेला असतो.

हिरवी वाट सगळ्यांत सोपी. रुंद, फारसा चढउतार नसलेली, आईबापांनी लहान पोरांना घेऊन जावे अशी. इथल्या हिरव्या वाटेचे नावच ‘नदी’ या अर्थाचे आहे. निळी वाट ज्याला सायकल नीट येते पण डोंगराची सवय नाही, त्याच्यासाठी. वाट अरुंद होते, वळणे येतात, पण अंगावर येणारा उतार नसतो. इथली निळी वाट सुमारे १२ किलोमीटरची असून टप्प्याटप्प्याने वाढवत नेता येते. ती बांधताना आणखी एक विचार केला गेला. अपंगांच्या तीनचाकी आणि हाताने चालवायच्या सायकलीही तिच्यावरून जाव्यात, इतकी रुंदी आणि सफाई तिला दिली. हे विसरू नका, पुढे उपयोगी पडेल.

लाल वाट सरावलेल्यांची. दगडांच्या पायऱ्या, झाडांची मुळे, दमछाक करणारे चढ. वर सांगितलेला वळू लाल गटातला, सुमारे २० किलोमीटरचा. काळी वाट मात्र पट्टीच्या गड्याचीच. सर्वांत लांब काळी वाट ३८ किलोमीटरच्या घरात आहे. तिच्या नावातच जनावर आहे, आणि ते माणसाळलेले नव्हे.

वाटेच्या तोंडाशी फलक असतो. त्यावर रंग, लांबी, चढ आणि लागणारा वेळ लिहिलेला. आत ठिकठिकाणी त्याच रंगाची खूण केलेले खांब. अशा वाटा बांधणारे जाणकार आणखी एक काळजी घेतात. अवघड वाटेची पहिली अडचण मुद्दाम सुरुवातीलाच ठेवतात. ज्याला ती जमली नाही, त्याने तिथूनच माघारी फिरावे. दहा किलोमीटर आत जाऊन पाय मोडून घेण्यापेक्षा ते बरे, नाही का?

वाट टिकते ती पाण्यामुळे

हा भाग शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. वाट चाकांनी कमी बिघडते, पाण्याने जास्त. डोंगरावरून सरळ खाली उतरवलेली वाट दोन पावसाळ्यांत ओघळ होते. म्हणून वाट समपातळी रेषेला धरून, किंचित उतरती काढतात. त्याचा साधा नियम असा, की डोंगराच्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त उतार वाटेला द्यायचा नाही. शंभर फुटांत वीस फूट उतार असलेल्या बरडावर वाट शंभर फुटांत दहा फुटांच्या आतच उतरली पाहिजे. नाहीतर पाणी वाट ओलांडून जाण्याऐवजी वाटेवरूनच पळायला लागते.

वाटेची दरीकडची बाजू थोडी खाली ठेवतात आणि मध्ये मध्ये वाट जराशी खोलगट करून पुन्हा वर घेतात. खोलगट जागी पाणी थांबते आणि बाजूला उतरते. आपण बांधाला सांडवा ठेवतो, तोच हा विचार. जिथे जमीन मऊ, तिथे लांबट दगड उभे ठोकून, फटीत चिपा भरून फरसबंदी करतात. दगड आडवा टाकला तर निसटतो, उभा रोवला तर वर्षानुवर्षे हलत नाही. कॉइड अ ब्रेनिनच्या पहिल्या वाटा अशाच दगडी, म्हणून तिथल्या मुसळधार पावसातही वर्षभर चालल्या.

गावाला काय मिळाले?

वाटेवर तिकीट नाही. पैसे लागतात ते गाडी उभी करण्याचे. खरी मिळकत आहे ती भोवतालची. चहा-फराळाची जागा, भाड्याच्या सायकली, दुरुस्ती, आणि गावातल्या घरांतून उतरायच्या खोल्या. मेंढ्यांच्या भावावर जगणाऱ्या मुलखात याचे मोल मोठे.

ते मोल किती, हे २००१ साली कळले. त्या वर्षी ब्रिटनमध्ये लाळ-खुरकुताची साथ आली आणि साठ लाखांहून जास्त जनावरे मारावी लागली. रोग पसरू नये म्हणून रानवाटा बंद झाल्या. शेतकऱ्याची जनावरे गेली आणि खोल्या भाड्याने देणाऱ्याचे पाहुणेही गेले. त्यानंतर दक्षिण स्कॉटलंडमध्ये, साथीने होरपळलेल्या भागातच, ‘सेव्हन स्टेन्स’ नावाने सात सायकलकेंद्रे उभी राहिली. वेल्सच्या एका जंगलातला धडा पुढे असा पसरला.

शेतकऱ्याच्या बाजूचा प्रश्नही आहे. मेंढ्यांच्या कुरणातून पायवाट गेली म्हणजे तिथे सायकल नेता येतेच असे नाही. १९६८ च्या कायद्याने इंग्लंड-वेल्समध्ये सायकलवाल्यांना घोडेवाटांवरून जायची मुभा मिळाली, पायवाटांवरून नव्हे. फाटक उघडे असेल तर उघडे, बंद असेल तर बंद, जसे सापडले तसेच सोडायचे, ही तिथली रीत. जंगलातली वाट तोडीच्या काळात बंद ठेवतात किंवा वळवतात. २०१० पासून वेल्समध्ये लार्च झाडांवर रोग आला आणि मोठी तोड करावी लागली. अशा वेळी हौस बाजूला राहते, जंगलाचे काम आधी.

३१ मार्चची गोष्ट

३१ मार्च ही तारीख सरकारी कामाशी ज्याचा संबंध आला त्याला चांगली ठाऊक असते. २०१३ पासून वेल्सचे जंगल एका नव्या सरकारी संस्थेकडे आहे. तिच्या तिजोरीत खडखडाट झाला. अखेर ३१ मार्च २०२५ रोजी कॉइड अ ब्रेनिनच्या पर्यटक केंद्रातली फराळाची जागा आणि दुकानाचे काम संस्थेने बंद केले. वाटा आणि गाडीतळ उघडे राहिले. स्थानिक लोक खवळले. केंद्र आमच्या हाती द्या, आम्ही चालवतो, असे म्हणत त्यांनी गट उभा केला.

मंडळी, इथेच थांबून विचार करा. वाट बांधणे हे एकदाचे काम, सांभाळणे हे रोजचे. पहिल्या फलकाला हार घालायला सगळे येतात. पडलेले झाड उचलायला, बुजलेला सांडवा मोकळा करायला कोण येणार? ते आधी कागदावर ठरले नसेल, तर वाट सरकारची, उत्पन्न गावाचे आणि दुरुस्ती कुणाचीच नाही, असे होते.

आपल्याकडेही डोंगर आहेत, झाडी आहे, सुट्टीला शहरातून येणारी माणसे आहेत. वनजमिनीत खात्याच्या परवानगीशिवाय कुदळ मारता येत नाही, हे ध्यानात ठेवा. पण गायरानाला लागून, ग्रामसभेच्या संमतीने कुणी असा विचार केलाच, तर सुरुवात काळ्या वाटेने करू नका. आधी दोन-तीन किलोमीटरची हिरवी वाट आखा, गावातल्या पोराबाळांना आणि अपंग माणसालाही जाता येईल अशी. एक पावसाळा जाऊ द्या. पाणी कुठून पळते, गुरे कुठून येतात, भांडण कुठे होते, ते बघा. आणि निळ्या वाटेचा फलक रंगवायच्या आधी हिरव्या वाटेच्या देखभालीची रक्कम पंचायतीच्या अंदाजपत्रकात लिहून घ्या.