दोन ड्राय डे आणि एक राजीनामा

लिव्हरपूलच्या युर्गन क्लॉपनं 'मी दमलोय' म्हणत जायचं ठरवलं आणि सात हजार किलोमीटरवर मुंबईतल्या काही पोरापोरींचा लाँग वीकेंड बरबाद झाला...

२६ जानेवारी २०२४. शुक्रवार. म्हणजे सॉलिड लाँग वीकेंड! अर्धी मुंबई लोणावळ्याच्या घाटात गाडीत अडकलेली आणि उरलेली अर्धी दुपारचं जेवून आडवी झालेली. मी दुसऱ्या गटातली. चारच्या सुमारास फोन जो थरथरायला लागला तो थांबेचना. आमच्या फुटबॉलवाल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर पहिला मेसेज होता नुसती एक लिंक. दुसरा, 'फेक आहे ना रे?' तिसरा छापता येण्यासारखा नाही.

फेक नव्हतं. क्लबनं स्वतःच व्हिडिओ टाकला होता. क्लॉप कॅमेऱ्यासमोर बसून शांतपणे सांगत होता की हा सीझन संपला की मी जाणार. कारण? भांडण नाही, दुसऱ्या क्लबची मोठी ऑफर नाही, हकालपट्टी तर नाहीच नाही. एनर्जी संपत चाललीय, बस्स. मालकांना त्यानं नोव्हेंबरमध्येच सांगून टाकलं होतं. आम्हाला तेवढं जानेवारीत कळलं.

आता टायमिंग बघा. दोनच दिवसांपूर्वी टीम लीग कपच्या फायनलला पोचलेली. प्रीमियर लीगच्या टेबलात पहिला नंबर. एफए कपमध्ये आहोत, युरोपा लीगमध्ये आहोत. कॉन्ट्रॅक्ट २०२६ पर्यंतचं. अशा वेळी कोण जातं यार?

त्या संध्याकाळी भेटायचं ठरलं. दुःख बुडवायचं म्हणून कुणी तरी नेहमीच्या अड्ड्यावर फोन लावला आणि मग ट्यूब पेटली. प्रजासत्ताक दिन. ड्राय डे! शेवटी आम्ही सात जण दादरला एका उडप्याकडे कॉफी पीत बसलो. शेजारच्या टेबलावरच्या काकूंना वाटलं असणार, पोरांच्या घरी काही तरी वाईट घडलंय.

तुझा कोण लागतो तो?

हा प्रश्न मला घरी नेहमी विचारला जातो, आणि रास्त आहे. डोंबिवलीच्या मुलीला मर्सी नदीकाठच्या क्लबचं एवढं काय पडलंय? माझ्यापुरतं उत्तर असं की क्लॉप ऑक्टोबर २०१५ मध्ये लिव्हरपूलला आला तेव्हा मी कॉलेजात होते. मोरिन्योनं एकेकाळी स्वतःला 'स्पेशल वन' म्हणवून घेतलं होतं. हा गडी पहिल्याच प्रेस कॉन्फरन्सला म्हणाला, मी 'नॉर्मल वन'. तिथंच विकेट गेली माझी. त्या वेळी क्लब म्हणजे जुन्या वैभवाच्या गोष्टी सांगणारा वाडा होता. शेवटचं लीग टायटल १९९० चं, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीचं.

मग सुरू झाली ती रोलर कोस्टर राइड. ७ मे २०१९ ची रात्र. पहिल्या लेगमध्ये बार्सिलोनाकडून ३-० नं हरलेलो, सालाह आणि फर्मिनो दोघंही जखमी. आपल्याकडे साडेबाराला मॅच सुरू झाली ती मी आवाज बंद करून बघत होते, कारण बाजूच्या खोलीत आई-बाबा झोपलेले. चौथा गोल झाला आणि माझ्या तोंडून जी किंकाळी निघाली, तिनं फक्त आई-बाबाच नाही, खालच्या मजल्यावरचे आजोबाही उठले. ४-० जिंकलो. पुढच्याच महिन्यात माद्रिदला चॅम्पियन्स लीगचा कप. आणि २५ जून २०२० ला तीस वर्षांनंतरचं लीग टायटल, तेही लॉकडाऊनमध्ये. व्हिडिओ कॉलवर अकरा चौकटी, अकरा रडणारे चेहरे आणि एकाचं नेट बंद पडलेलं.

म्हणजे माझी पहिली नोकरी, पहिला ब्रेकअप, नोकरी सोडून फ्रीलान्सिंग, या सगळ्या काळात टचलाइनवर टोपी घालून हाच माणूस उभा होता. या शहरात माझे जे चार जवळचे मित्र आहेत, ते त्याच्यामुळे मिळालेत. मॅच बघायला गेल्यावर बाजूच्या खुर्चीवरचा अनोळखी माणूस गोलनंतर गळ्यात पडतो, आणि सहा महिन्यांनी तुमचं घर शिफ्ट करायला टेम्पोत बसलेला असतो. त्यामुळे त्या उडप्याकडच्या टेबलावर खरी भीती क्लॉप जाण्याची नव्हतीच. आता रात्री दीडच्या मॅचसाठी कोण जागणार, कोण कुणाला फोन करणार, आपण तरी भेटत राहणार का, ती होती.

फुटबॉलमधला मॅनेजर म्हणजे आपल्या ऑफिसातला अप्रेझलवाला मॅनेजर नव्हे, हे इथं सांगायला हवं. इंग्लंडात तो क्लबचा चेहरा असतो आणि लिव्हरपूलमध्ये तर थोडा जास्तच. आमच्यात एक कोल्हापूरचा मित्र आहे. त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम हरली की आमच्या पेठेत चूल पेटत नाही, असं तो सांगतो. यातलं थोडं त्याच्या पदरचं असणार, पण भावना पोचली!

याआधी दोनदा

लिव्हरपूलकरांना असा धक्का नवीन नाही. १२ जुलै १९७४ ला बिल शँक्लीनं अचानक राजीनामा दिला. दुसऱ्या डिव्हिजनमध्ये रखडलेला क्लब त्यानं वर आणला होता आणि दोनच महिन्यांपूर्वी एफए कप जिंकला होता. त्या दिवशी टोनी विल्सन नावाचा टीव्ही रिपोर्टर माइक घेऊन रस्त्यावरच्या लोकांना ही बातमी सांगत फिरला. ते फुटेज आजही बघायला मिळतं. जरूर बघा. लोकांचा विश्वासच बसत नाही. माइक धरणारा आपली चेष्टा करतोय असं त्यांना वाटतं. आमच्या ग्रुपवरचा 'फेक आहे ना रे?' तो हाच, फक्त पन्नास वर्षं उशिरा आलेला.

शँक्लीचं पुढं काय झालं ते मात्र वाईट आहे. त्याला करमेना. तो मेलवूडच्या ट्रेनिंग ग्राउंडवर येत राहिला, खेळाडू त्याला 'बॉस'च म्हणत राहिले आणि नवा मॅनेजर बॉब पेस्लीची पंचाईत होऊ लागली. शेवटी त्याचं येणं नकोसं झालं आणि ते त्याच्या जिव्हारी लागलं. पेस्लीनं मात्र सहा लीग टायटल्स आणि तीन युरोपियन कप जिंकून दाखवले.

दुसरा धक्का केनी डॅलग्लिशचा. १९९१ च्या फेब्रुवारीत एव्हर्टनविरुद्धच्या एफए कपच्या मॅचमध्ये लिव्हरपूलनं चारदा आघाडी घेतली आणि चारदा घालवली. ४-४. दोन दिवसांनी, २२ फेब्रुवारीला, टीम लीगमध्ये पहिल्या नंबरवर असताना त्यानं राजीनामा दिला. जेमतेम चाळिशीचा माणूस. पण त्याआधी, १५ एप्रिल १९८९ ला, हिल्सबरोच्या स्टेडियममध्ये चेंगराचेंगरी झाली होती. तिनं लिव्हरपूलच्या ९७ चाहत्यांचा जीव घेतला. डॅलग्लिश त्यातल्या कित्येकांच्या अंत्ययात्रांना गेला, घरच्यांना भेटत राहिला. तो ताण आत साठत गेला, हे त्यानं नंतर स्वतःच सांगितलंय. त्या काळी 'बर्नआउट' हा शब्द कुणी ऑफिसच्या ईमेलमध्ये लिहीत नसे.

क्लॉपच्या बातमीनंतर जुने फॅन्स का हादरले, ते आता लक्षात येईल. शँक्ली गेल्यावर सुवर्णकाळ आला. डॅलग्लिश गेला त्या वर्षी टायटल आर्सेनलकडे गेलं आणि मग तीस वर्षांचा दुष्काळ पडला. आता यातलं नेमकं कुठलं वाट्याला येणार?

बाबांची व्हीआरएस

घरी मी ही बातमी बाबांना सांगितली. बाबा बँकेत होते. सगळं ऐकून घेतलं आणि पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "म्हणजे व्हीआरएस घेतली म्हण की!"

मी आधी हसले. मग आठवलं की सरकारी बँकांची ती मोठी व्हीआरएस स्कीम आली होती तेव्हा बाबांनीही २००१ मध्ये ती घेतली होती. मी पाच वर्षांची होते. का घेतली, हे मी तोवर कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी विचारलं. म्हणाले, सकाळी सातची लोकल पकडायला पाय उचलत नव्हते. त्या वेळी कुणाला सांगितलं नाही एवढंच, नातेवाइकांना स्कीम चांगली होती असं सांगितलं. पुढची पाच मिनिटं आम्ही दोघं गप्प. मग ते म्हणाले, पण तुझ्या त्या साहेबाच्या खात्यात भरपूर पाऊंड असतील, त्याचं काय जातंय!

यावर मी बराच विचार केलाय. ग्रुपमधल्या एकानं क्लॉपचा तो व्हिडिओ लोकलमध्ये तीनदा बघितला. हा गडी एका कन्सल्टिंग कंपनीत रात्री अकरापर्यंत डेक बनवणारा. मार्चमध्ये त्यानं पेपर टाकले. कारणाच्या रकान्यात 'एनर्जी संपली' लिहायची हिंमत झाली नाही, 'पर्सनल रीझन्स' लिहिलं. मग चार महिने घरी बसला, होम लोनचे हप्ते बायकोनं ओढले. तो म्हणतो बरं केलं. बायकोचं मत मी इथं देत नाही. क्लॉपचा राजीनामा बघून आपणही द्यावा असं मला मुळीच वाटत नाही. दमलो म्हणायची ऐपत असावी लागते. पण जगातल्या सगळ्यात एनर्जीवाल्या बॉसनं, गोल झाल्यावर क्राउडसमोर मुठी आपटणाऱ्या माणसानं, टीम पहिल्या नंबरवर असताना हे कबूल करावं, याचा परिणाम होतो. आमच्या टेबलावर तरी त्या दिवशी प्रत्येक जण फुटबॉल सोडून स्वतःच्या झोपेबद्दल बोलायला लागला होता.

नोटीस पीरियड

नोटीस पीरियडमधल्या माणसाचं ऑफिसात काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. इथं तो चार महिन्यांचा होता. सुरुवात झकास झाली. दोन दिवसांनी नॉर्विचला ५-२ नं उडवलं. २५ फेब्रुवारीला वेम्बलीवर चेल्सीविरुद्ध लीग कपची फायनल. अर्धी टीम जखमी, मैदानात अकॅडमीतली मिसरूड न फुटलेली पोरं, आणि ११८ व्या मिनिटाला व्हॅन डाइकचं हेडर. १-०! वाटलं, आता परीकथेसारखा शेवट होणार.

नाही झाला. मार्चमध्ये मँचेस्टर युनायटेडनं ४-३ नं एफए कपमधून बाहेर काढलं. एप्रिलमध्ये अटलांटानं अ‍ॅनफिल्डवर येऊन ३-० नं धुतलं. मग क्रिस्टल पॅलेसकडून हार, एव्हर्टनकडून हार. लीगमध्ये तिसरा नंबर, ८२ पॉइंट्स. आधी सांगायलाच नको होतं, हे एका गटाचं म्हणणं. दुसऱ्या गटाचं म्हणणं, टीम दमली होती, घोषणेचा काय संबंध? मला विचाराल तर पहिल्या गटात थोडं तथ्य आहे. पण अचानक मे महिन्यात सांगितलं असतं तर याच लोकांनी दगाबाज म्हटलं असतं, हेही तितकंच खरं.

शेवटची मॅच १९ मे ला, वुल्व्ह्जविरुद्ध, रविवारी रात्री. या वेळी आम्ही महिनाभर आधी टेबल बुक केलं होतं. आणि काय सांगू! दुसऱ्या दिवशी मुंबईत लोकसभेचं मतदान, म्हणजे पुन्हा ड्राय डे. क्लॉपला निरोप आम्ही फ्रेश लाइम सोडा आणि मसाला ताकावर दिला. २-० जिंकलो. मग त्यानं मैदानात माइक घेतला आणि स्वतःबद्दल रडगाणं न गाता अख्ख्या स्टेडियमला पुढच्या मॅनेजरच्या, आर्ने स्लॉटच्या नावानं गायला लावलं. शँक्लीची ती मेलवूडची गोष्ट माहीत असेल तर याचं महत्त्व कळेल. आमच्या टेबलावर मात्र दोघंच गायले. बाकीच्यांच्या घशात ताक अडकलं होतं.

आणि मग रेड बुल

ऑक्टोबर २०२४ मध्ये बातमी आली की क्लॉप जानेवारीपासून रेड बुलच्या फुटबॉल कारभाराचा जागतिक प्रमुख होणार. ग्रुपवर परत आग! लिव्हरपूलवाले त्यातल्या त्यात शांत होते, कारण इंग्लंडात दुसऱ्या कुठल्याही क्लबला कधीच जाणार नाही, खायला काही नसलं तरी नाही, असं तो राजीनाम्याच्याच दिवशी बोलून गेला होता आणि तो शब्द मोडला नव्हता. भडकले ते माइन्झ आणि डॉर्टमुंडचे फॅन्स, त्याच्या जुन्या क्लबांचे. जर्मनीत क्लबवर सभासदांची सत्ता असावी असा नियम आहे, आणि कंपनीच्या पैशावर उभा राहिलेला लाइपझिग तिथं अनेकांच्या डोळ्यांत खुपतो. आपला माणूस त्यांच्याकडे? एनर्जी संपली होती ना?

आमचा कन्सल्टिंगवाला मित्र या मुद्द्यावर एकदम क्लॉपच्या बाजूनं. तोही एव्हाना दुसऱ्या कंपनीत लागला होता. दमलेल्या माणसानं कायमचं घरी बसावं असं कुठं लिहिलंय, असा त्याचा सवाल. मला ते पटतं, पण शर्टावर कुठला लोगो आहे यानं फरक पडतो असंही वाटतं. या विषयावर आमचं एकमत झालेलं नाही.

२७ एप्रिल २०२५ ला लिव्हरपूलनं टॉटनहॅमला ५-१ नं हरवून विसावं लीग टायटल घेतलं. स्लॉटचा पहिलाच सीझन. या वेळी ड्राय डे नव्हता आणि ग्रुपमधले अकराच्या अकरा हजर होते, पुण्याला शिफ्ट झालेली जोडीसुद्धा. मॅच संपल्यावर स्लॉटनं माइक हातात घेतला आणि क्लॉपच्या नावानं गायला लागला, तीच चाल, तेच ला ला ला. या वेळी आमचं अख्खं टेबल गायलं, आणि मॅनेजरनं येऊन सांगितलं, मॅडम, आवाज जरा कमी, वर लोक राहतात.