तीन खाड्या

सहलीचा बेत ठरतो तेव्हा आमच्या घरी अध्यक्षपद माझ्याकडे असते आणि निर्णय सौभाग्यवती घेतात. गेल्या डिसेंबरात त्यांनी जाहीर केले की या खेपेला महामार्गाने जायचे नाही. समुद्र उजव्या हाताला ठेवायचा आणि किनाऱ्याकिनाऱ्याने खाली उतरायचे. मी मराठीचा प्राध्यापक. मोटार चालवतो तीही व्याकरण शिकवावे तशी, म्हणजे अपवादांची धास्ती बाळगून. तरी कबूल झालो. बरोबर नववीतली कन्या, पाचवीतले चिरंजीव आणि पंचाहत्तर वर्षांची आई.

आईची अट एकच. "दापोलीपर्यंत येईन. दाभोळची खाडी मात्र ओलांडायची नाही."

कारण सर्वांना ठाऊक होते. त्या खाडीपलीकडे, गुहागर तालुक्यात, तिचे माहेर. (गावाचे नाव लिहीत नाही; दिवाळी अंक भावकीतही वाचले जातात.) अठरा वर्षांपूर्वी माडाच्या वाडीचे हक्कसोडपत्र मामाने तिच्या सहीसाठी पाठवले. वाडी गेल्याचे तिला फारसे दुःख नव्हते. कागद परक्या माणसाहाती आला, भाऊ स्वतः आला नाही, हे तिला लागले. तिने मुकाट्याने सही केली आणि माहेरची वाट सोडली. दोन वर्षांपूर्वी मामा वारला, तेव्हाही ती गेली नाही.

अलिबाग, रेवदंडा, काशीद ही गावे मुंबईकरांच्या पायाखालची. त्यांचे वर्णन करून मी वाचकांचा वेळ घेत नाही. मुरूडला मुलांनी जंजिरा पाहिला. सिद्दीचा हा किल्ला मराठ्यांना अखेरपर्यंत घेता आला नाही, हे ऐकून चिरंजीव इतके हिरमुसले, की शिवाजी महाराजांनी समोरच बांधलेला पद्मदुर्ग दाखवून मला त्यांची समजूत काढावी लागली.

खरी सहल सुरू झाली ती आगरदांड्याला. तेथे रस्ता सरळ पाण्यात जातो आणि संपतो. पलीकडे दिघी दिसते. मोटारी पोटात घेणारी फेरीबोट येईपर्यंत धक्क्यावर बसून राहायचे. मोबाइलमधली वाट दाखवणारी बाईसुद्धा येथे गप्प होते.

आपण समजतो, कोकण म्हणजे किनारा आणि किनारा म्हणजे एक सलग रेघ. प्रत्यक्षात सह्याद्रीवरून उतरणाऱ्या नद्यांनी ही रेघ जागोजाग तोडली आहे. राजपुरीची खाडी, सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी! म्हणून महामार्ग आत गेला आणि १९९८ साली पूर्ण झालेली कोकण रेल्वेही आतूनच गेली. किनाऱ्यावरून रेवस ते रेड्डी असा सागरी महामार्ग व्हावा, ही गोष्ट मी अंतुले मुख्यमंत्री असल्यापासूनची, म्हणजे १९८०-८२ पासूनची ऐकतो आहे. पूल होतील तेव्हा होतील. खरे सांगायचे तर, त्या अर्ध्या तासाच्या खोळंब्याचा मला रागही येईना.

कारण धक्क्यावर आई बोलू लागली होती.

"रस्ते कुठे होते रे तेव्हा? खाडी हाच रस्ता," ती नातीला सांगत होती. १९६९ साली लग्न होऊन ती मुंबईला निघाली ती आगबोटीने. पावसाळ्यात बोटी बंद. त्या सुरू झाल्या की चाकरमान्यांची, बाळंतिणींची, आंब्यांच्या पेट्यांची ये-जा सुरू. बोट काठाला लागत नसे, पाण्यात उभी राही. होडीतून तिथवर जायचे आणि हलत्या शिडीवर पाय टाकायचा. रात्रभर वळकटीवर पडून राहायचे. उजाडता उजाडता भाऊचा धक्का.

"आणि उलटी नाही झाली?" चिरंजीवांचा शास्त्रीय प्रश्न.

"झाली की! नव्या शालूवर."

दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर करीत बागमांडल्याला दुसरी खाडी ओलांडली. वेसवीला उतरलो की रत्नागिरी जिल्हा. केळशी, आंजर्ले आणि मग हर्णै. संध्याकाळी वाळूवर मासळीचा लिलाव चालतो आणि मागे समुद्रात सुवर्णदुर्ग उभा असतो. लिलावातल्या बायकांचे मराठी ऐकून मला माझी अलंकारांवरची व्याख्याने फिकी वाटली. पुढे मुरूड, हे जंजिऱ्याचे नव्हे, दापोली तालुक्यातले. महर्षी कर्व्यांचे बालपण येथले. परीक्षेला बसण्यासाठी ते येथून सातारपर्यंत पायी गेले आणि वयाने लहान दिसता म्हणून त्यांना परत पाठवले, हे मी सांगितले. परीक्षा चुकली याचा चिरंजीवांना हेवा वाटला.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईच म्हणाली, "दाभोळचं बंदर नुसतं लांबून बघू आणि फिरू."

दाभोळ हे केवढे जुने बंदर! बहामनी काळात अरबस्तानाकडे जाणारी गलबते येथून सुटत. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन प्रवासी परतीला येथूनच निघाला. मी हे सारे सांगत होतो. पण ऐकत कोणी नव्हते. आई पाण्याच्या कडेला उभी होती.

"तिथे बोट उभी राहायची," ती म्हणाली. "पलीकडून होडी आली ती दादानंच वल्हवली होती. ट्रंक डोक्यावर घेऊन तो शिडीवर चढला आणि खाली उतरेना. भोंगा झाला तरी उतरेना."

रस्त्याने पलीकडे जायचे तर चिपळूणचा वळसा; बोटीने दहापंधरा मिनिटे. मी उगीचच खिडकीपाशी गेलो. वेळ विचारावी एवढाच हेतू.

"मोटार एक. माणसं किती?" आतल्याने विचारले.

मी उत्तर शोधतो आहे तोच मागून आवाज आला, "पाच."

धोपाव्याच्या धक्क्यावर उतरेपर्यंत कोणी काही बोलले नाही. पुढच्या वाटेला मला नकाशाची गरज पडली नाही, आई मागून सांगत होती, "आता डावीकडे. पिंपळ होता इथे. असू दे, पुढे घे."

मामी ओटीवर सुपारी सोलत बसली होती. तिने कपाळावर हात धरून पाहिले. मोटार ओळखीची नव्हती, मीही नव्हतो. मग आई उतरली.

"वन्सं?" मामी उठली. अडकित्ता हातातच राहिला. "इतका उशीर? बोट चुकली की काय?"

"चुकली खरी, वहिनी."

"पाय धुवून घ्या. चहा टाकते."

वाडीचा विषय त्या रात्री निघाला नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. दोघी माजघरात कंदिलाएवढ्या दिव्याखाली कितीतरी वेळ कुजबुजत होत्या. सकाळी पाहतो तो आई वाडीत एकटीच माड मोजत हिंडत होती. मामाच्या हातचे कुठले, ते मामी पाटाच्या कडेने चालत तिला दाखवू लागली.

माझी रजा संपली होती. परतताना डिकीत चाळीस नारळ, आमसुलांची पिशवी आणि मागच्या सीटवर एक जागा रिकामी. आई बेड्यापर्यंत पोचवायला आली.

"संक्रांत झाली की ये न्यायला," ती म्हणाली. "आणि येशील तो खाडीवरनं ये. चिपळूणच्या वळशानं येऊ नकोस."