पंख नसलेली चिमणी

तापलेल्या तेलात सुकी मिरची पडली, की घरभर ठसका! आजोबा खोकू लागतात, ताई खिडकी उघडायला धावते आणि आई ओरडते, "अरे, चिमणी लाव आधी!" ही चिमणी चिवचिव करणारी नव्हे, बरं का. ही गॅसच्या शेगडीच्या वर भिंतीला टांगलेली असते. हिला पंख नसतात, पंखा असतो.

पण दोस्तांनो, एक गंमत पाहा. अगदी सारखीच चिमणी शेजारच्या घरी धूर गपकन गिळते आणि आपल्या घरी मात्र नुसतीच घुरघुरते. मोटर तीच, पंखा तोच. मग फरक कुठे? फरक असतो तो माळ्याच्या आड दडलेल्या पाइपात!

जुन्या कौलारू घरांत चुलीच्या वर, छपरात धुराडं ठेवलेलं असे. गरम हवा हलकी असते. ती वर जाते आणि जाता जाता धूरही घेऊन जाते. फ्लॅटमध्ये मात्र डोक्यावर छप्पर नसतं, दुसऱ्याचं घर असतं! म्हणून धुराला आडवंतिडवं न्यावं लागतं आणि ढकलायला पंखा लागतो.

या पाइपाचं गणित समजायला एक प्रयोग करू या. सरबत प्यायच्या चार जाड नळ्या आणि ज्यूसच्या खोक्याबरोबर मिळणारी एक बारीक नळी घ्या. टेबलावर कागदाचे कपटे ठेवा. आधी एका जाड नळीतून फुंकर मारा. मग बारीक नळीतून मारा. नंतर उरलेल्या तीन जाड नळ्या चिकटपट्टीने एकापुढे एक जोडून फुंका. शेवटी एक नळी मधेच मुडपून फुंका. गाल फुगतील, डोळे मोठे होतील, पण कपटे काही उडायचे नाहीत! तुमची छाती म्हणजे पंखा आणि नळी म्हणजे पाइप.

आता एकेक कारण पाहू.

पहिलं, पाइपाची जाडी. स्वयंपाकघरातल्या बऱ्याच चिमण्यांना 6 इंची पाइप लागतो. भिंतीतलं भोक लहान पडलं, म्हणून कोणी 4 इंची जोडला तर? "दोनच इंचांचा तर फरक!" असं वाटेल. पण हवा जाते ती पाइपाच्या तोंडाच्या क्षेत्रफळातून. 6 चा वर्ग 36, 4 चा वर्ग 16. म्हणजे वाट निम्म्याहूनही कमी झाली! तेवढीच हवा बाहेर काढायची, तर तिला सव्वादोन पट वेगाने पळावं लागेल. वेग वाढला, की घर्षण त्याहून झपाट्याने वाढतं. हिशेब केला तर अडथळा सुमारे साडेसात पट होतो. पंखा बिचारा दमतो, हवा कमी जाते आणि आवाज मात्र वाढतो.

दुसरं, वळणं. धावता धावता एकदम काटकोनात वळून पाहा. तोल जातो ना? हवेचंही तसंच होतं. ती समोरच्या भिंतीवर आदळते, आतल्या बाजूला भोवरे होतात. एका काटकोनी वळणाचा अडथळा कित्येक फूट सरळ पाइपाइतका असतो. म्हणून वळणं कमीत कमी हवीत आणि असलीच तर गोलाईदार हवीत.

तिसरं, सुरकुत्या. ॲल्युमिनियमचा लवचीक पाइप बाजाच्या भात्यासारखा दुमडतो. तो ताणून न बसवता तसाच ढिला सोडला, की प्रत्येक सुरकुतीपाशी हवा अडखळते. म्हणून जास्तीचा पाइप माळ्यावर गुंडाळून ठेवायचा नाही, कापून टाकायचा. शक्य असेल तर आतून गुळगुळीत असलेला कडक पाइप सगळ्यांत उत्तम.

चौथं, पाइपाचं बाहेरचं तोंड. तिथली झडप तेलाने चिकटली किंवा जाळी काजळीने बुजली, की सगळा खटाटोप वाया. खरीखुरी चिमणी तिथे घरटं बांधत नाही ना, तेही पाहायला हवं! पाइपात साचलेलं तेल पेटही घेऊ शकतं, म्हणून सफाई महत्त्वाची.

आता एक कोडं. स्वयंपाकघर 10 फूट लांब, 8 फूट रुंद, 10 फूट उंच. म्हणजे साधारण 23 घनमीटर हवा. पंखा तासाला 600 घनमीटर हवा बाहेर टाकतो. मग सव्वादोन-अडीच मिनिटांत सगळी हवा संपेल का? नाही! जेवढी हवा बाहेर जाईल, तेवढी आत यावीच लागते. दारं-खिडक्या गच्च बंद केल्या तर पंखा नुसताच फिरत राहील. म्हणून दूरची एखादी खिडकी थोडी उघडी ठेवावी.

इथेच एक धोका लक्षात ठेवा. गॅस गीझर बंद न्हाणीघरात असला, तर प्राणवायू कमी पडून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, पण तो जीव घेतो. अशा वेळी एक्झॉस्ट पंखा असला म्हणजे सुरक्षित, असं मुळीच नाही. हवा आत यायला वाट नसेल, तर तोच पंखा गीझरच्या नळीतून बाहेर जाणारा जळका वायू पुन्हा आत ओढू शकतो! म्हणून गॅस गीझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत हवा. आंघोळ करताना डोकं दुखलं, गरगरलं किंवा मळमळलं, तर लाज न बाळगता लगेच बाहेर या आणि मोठ्यांना सांगा.

येत्या रविवारी एवढं करा. शेगडी बंद असताना, आई-बाबांना सोबत घेऊन, चिमणी लावा आणि तिच्या जाळीपाशी वर्तमानपत्राचा एक तुकडा धरा. तो चटकन चिकटून राहिला तर छान! गळून पडला, तर खिडकी उघडून पुन्हा पाहा. तरीही पडला, तर आधी जाळी धुतली आहे का ते बघा आणि मग बाबांना म्हणा, "नवी चिमणी नको, आधी पाइपाची वळणं मोजू या!"