सीमेवरचा जवान आणि अंदाजपत्रकातील दोन मागण्या

सातारा व सांगली जिल्ह्यांत एकाच घरातील एक भाऊ लष्करात आणि दुसरा सीमा सुरक्षा दलात असणे ही अपूर्वाईची गोष्ट नव्हे. पहिल्या महायुद्धात ४६ जवान गमावलेले सातारा तालुक्यातील अपशिंगे गाव तर आपल्या सैनिकी परंपरेमुळे ‘अपशिंगे मिलिटरी’ याच नावाने ओळखले जाते. गावाच्या दृष्टीने दोघेही भाऊ सैनिकच. शासनाच्या हिशेबात मात्र दोघांच्या वेतनाचा मार्ग भिन्न आहे, आणि हा भेद निवृत्तीनंतरही त्यांची पाठ सोडत नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ११४ अन्वये, संसदेने विनियोजनाचा कायदा केल्याखेरीज भारताच्या एकत्रित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. दल उभारणारा कायदा एकदाच होतो. त्याला पैसा देणारा कायदा दरवर्षी नव्याने करावा लागतो. प्रत्येक मंत्रालयाच्या अनुदानाच्या मागण्या लोकसभा मंजूर करते आणि त्यांवरून विनियोजन विधेयक तयार होते. राज्यसभेस ते विधेयक शिफारशींसह चौदा दिवसांच्या आत परत करता येते, फेटाळता येत नाही. वेळेअभावी कित्येक मागण्या चर्चेविनाच मतास टाकल्या जातात, ही या पद्धतीतील खरी उणीव होय.

लष्कराचा खर्च संरक्षण मंत्रालयाच्या मागण्यांत येतो. सीमा सुरक्षा दलाचा खर्च गृहमंत्रालयाच्या ‘पोलीस’ या मागणीत असतो. याचे कारण दलाच्या जन्मात आहे. १९६५ पर्यंत पाकिस्तानलगतच्या सीमेवर राज्यांचे सशस्त्र पोलीस पहारा देत. त्या वर्षी ९ एप्रिलला कच्छमधील सरदार चौकीवर पाकिस्तानी सैन्याने हल्ला केला आणि या व्यवस्थेच्या मर्यादा उघड झाल्या. १ डिसेंबर १९६५ रोजी के. एफ. रुस्तमजी यांच्या नेतृत्वाखाली केंद्राचे स्वतंत्र दल स्थापन झाले. प्रारंभी त्याचा कारभार केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या कायद्यानुसार चाले. सीमा सुरक्षा दलाचा स्वतंत्र कायदा १९६८ मध्ये झाला.

त्या वेळी गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण. त्यांचे जन्मगाव देवराष्ट्रे आज सांगली जिल्ह्यात आहे आणि कर्मभूमी कराड सातारा जिल्ह्यात. नोव्हेंबर १९६२ मध्ये, चीनच्या आक्रमणानंतर, त्यांनी संरक्षण खाते स्वीकारले. १९६६ मध्ये गृह आणि १९७० मध्ये अर्थ खाते त्यांच्याकडे आले. सीमेसाठी पैसा मागणारी दोन्ही खाती आणि तो देणारे तिसरे, अशा तिन्ही खात्यांचा कारभार त्यांनी पाहिला.

२०२५-२६ च्या अंदाजपत्रकात संरक्षण मंत्रालयासाठी सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांची तरतूद होती. पैकी सुमारे १ लाख ६० हजार कोटी केवळ निवृत्तिवेतनाचे. सीमा सुरक्षा दलाच्या वाट्यास सुमारे २८ हजार कोटी आले. वर्गवारी गणवेशावरून ठरत नाही, मंत्रालयावरून ठरते. म्हणूनच सागरी सीमेचे तटरक्षक दल संरक्षण मंत्रालयाकडे आहे.

ग्रामपंचायतीपुढे हा भेद दाखल्याच्या निमित्ताने येतो. लष्करातून निवृत्त झालेला भाऊ ‘माजी सैनिक’ या व्याख्येत बसतो व त्याची प्रकरणे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाकडे जातात. सीमा सुरक्षा दलातील भाऊ त्या व्याख्येत बसत नाही. गृहमंत्रालयाने २०१२ मध्ये अशा जवानांना माजी केंद्रीय सशस्त्र पोलीस कर्मचारी असा वेगळा दर्जा दिला; त्यांच्यासाठी त्याच मंत्रालयाचे कल्याण व पुनर्वसन मंडळ आहे. निवृत्तिवेतनाचा भेद याहून मोठा. १ जानेवारी २००४ पासून लागू झालेल्या अंशदायी योजनेतून सेनादले वगळली गेली, केंद्रीय पोलीस दले वगळली गेली नाहीत. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये जुन्या योजनेच्या बाजूने निर्णय दिला; त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली. तेव्हा निवृत्त जवान कार्यालयात आला असता प्रथम त्याच्या सेवापुस्तकावरील दलाचे नाव पाहावे आणि मगच अर्ज कोणत्या दारी पाठवायचा ते सांगावे.